पोर्तुगालला जाताय? आई-बाबांना घेऊन दहा दिवस कसे काढायचे, सगळं सांगतो

मी वसईचा. लहानपणी किल्ल्यात क्रिकेट खेळायचो आणि त्या पडक्या चर्चच्या भिंतींना बॉल लागला की आवाज घुमायचा, हे सगळं कोणी बांधलं असेल असा प्रश्न तेव्हा कधी पडला नाही. चिमाजी अप्पांनी १७३९ ला वसई घेतली, घंटा नाशिकच्या नारोशंकरला, भीमाशंकरला गेल्या, एवढंच ऐकून माहीत. तर ज्यांनी हा किल्ला बांधला त्यांचं घर बघून यावं म्हणून आम्ही चौघं, मी, बायको, आई आणि बाबा, पोर्तुगालला जाऊन आलो. आल्यापासून नात्यातले, सोसायटीतले सगळे एकच विचारतात, "प्लॅन पाठव ना जरा". प्रत्येकाला व्हॉइस नोट पाठवून कंटाळलो, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आधी माझं मत सांगतो, पटलं तर पुढे वाचा. दहा दिवसांत स्पेन, पोर्तुगाल आणि वर पॅरिस असा प्लॅन करू नका. अर्धा वेळ एअरपोर्टवर आणि उरलेला बॅगा भरण्यात जातो. पोर्तुगाल छोटा देश आहे, ट्रेनने आरामात फिरता येतो, पश्चिम युरोपातल्या बऱ्याच देशांपेक्षा खिशाला बरा पडतो, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे इथे चढ आहेत, खूप चढ आहेत, त्यामुळे सत्तरीतली माणसं बरोबर असतील तर घाई करून चालतच नाही.

कधी जायचं

एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टला अख्खा युरोप तिथे उतरलेला असतो, रूमचे भाव चढलेले आणि आतल्या भागात, म्हणजे अलेंतेजूमध्ये, आपल्या विदर्भासारखं ऊन. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पोर्तोला पाऊस असतो, आपला मुसळधार नाही, पण ओलं गार आणि चिकट, त्यात घरं आतून थंड असतात. जूनचा मध्य मात्र वेगळी मजा आहे. १२-१३ जूनला लिस्बनमध्ये सांतु अंतोनियुची जत्रा असते, गल्लीगल्लीत सार्डिन मासे भाजतात आणि धूर, गाणी, गर्दी. २३ जूनच्या रात्री पोर्तोला सांव जुआंव असतो, तेव्हा लोक एकमेकांच्या डोक्यात प्लास्टिकचे हातोडे मारत फिरतात. गोव्याचा सांजांव आठवला ना? तोच संत, तीच तारीख, फक्त तिथे विहिरीत उड्या नाहीत.

व्हिसा

शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा, लागतो. नियम असा की ज्या देशात सगळ्यात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा, रात्री सारख्या असतील तर जिथे पहिल्यांदा शिरणार तिथे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी द्यावाच लागतो, पण पंधरा दिवसांवर थांबू नका, अपॉइंटमेंट मिळण्यातच कधीकधी आठवडे जातात. मोठ्यांना ९० युरो फी, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५, त्याहून लहान फुकट, शिवाय सेंटरचा सर्व्हिस चार्ज वेगळा. ट्रॅव्हल इन्शुरन्स किमान ३०,००० युरो कव्हरचा हवा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालू पाहिजे आणि दोन पानं कोरी.

कागदांत लोकांची गडबड कुठे होते सांगतो. हॉटेल बुकिंगच्या तारखा, विमानाच्या तारखा आणि अर्जातल्या तारखा जुळत नाहीत. आमच्याच फाईलमध्ये एका रात्रीचं बुकिंग राहून गेलं होतं, आदल्या रात्री बायकोच्या लक्षात आलं म्हणून वाचलो. एका कागदावर रोजचा दिवस, शहर, हॉटेल असं टेबल करा आणि प्रत्येक ओळीला बुकिंग आहे का ते टिक मारा. आई-बाबांचा खर्च तुम्ही करणार असाल तर तसं पत्र आणि तुमचं बँक स्टेटमेंट त्यांच्या फाईलमध्येही लावा. आणि अर्जाच्या आधी अकाउंटमध्ये एकदम मोठी रक्कम टाकू नका, ते लगेच दिसतं.

विमान आणि पहिला दिवस

मुंबईहून दुबई किंवा इस्तंबूलमार्गे गेलात तर इमिग्रेशन लिस्बनला होतं, फ्रँकफर्ट, पॅरिस वगैरेमार्गे गेलात तर ते तिकडेच होतं, म्हणून कनेक्शन दोन-अडीच तासांचं तरी ठेवा. लिस्बनच्या रांगा लांब असतात, त्यामुळे उतरल्या उतरल्या पुढची ट्रेन पकडायचा प्लॅन अजिबात नको. घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच तास मागे. शेजारच्या स्पेनचं घड्याळ त्यांच्यापेक्षा एक तास पुढे असतं, हे बॉर्डर ओलांडणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

एअरपोर्ट शहरातच आहे, खालून मेट्रोची लाल लाईन निघते. मशीनवर नावेगांत नावाचं कार्ड अर्ध्या युरोला मिळतं, त्यात पैसे भरायचे. माणशी एक कार्ड, एकाच कार्डावर चौघं जाता येत नाही. पण चार बॅगा आणि दोन ज्येष्ठ असतील तर सरळ ऊबर किंवा बोल्ट करा, फार महाग पडत नाही.

राहायला बाईशा भाग बघा. शहराच्या मधोमध हाच काय तो सपाट तुकडा. फोटोत आल्फामा फार गोड दिसतं, अरुंद गल्ल्या, वाळत घातलेले कपडे, पण तिथे बऱ्याच ठिकाणी गाडी जात नाही आणि बॅग घेऊन शंभर पायऱ्या चढाव्या लागतात. बुक करताना "लिफ्ट आहे का" हे मेसेज करून विचारा, जुन्या बिल्डिंगी असतात, चौथा मजला म्हणजे खरोखर चौथा. हॉटेलच्या बिलाशिवाय लिस्बनला माणशी रात्रीचे ४ युरो आणि पोर्तोला ३ युरो टुरिस्ट टॅक्स असतो, तो बहुतेक वेळा तिथेच भरायचा असतो.

अजून एक, बुटांचं. फुटपाथ सगळे छोट्या पांढऱ्या-काळ्या दगडांचे, गुळगुळीत झालेले. पाऊस पडला की घसरगुंडी. आईने साडीवर स्पोर्ट्स शूज घातले, पहिल्या दिवशी लाजली, तिसऱ्या दिवशी म्हणाली घरी पण हेच घालते.

लिस्बन: पाच रात्री

पहिला पूर्ण दिवस शहरासाठी. बाईशाचे रस्ते इतके सरळ कसे, तर १ नोव्हेंबर १७५५ ला सकाळी, ऑल सेंट्स डेला लोक चर्चमध्ये असताना, मोठा भूकंप झाला, मग त्सुनामी आली, मग आग. शहर जवळजवळ गेलं आणि मार्केश द पोंबाल नावाच्या मंत्र्याने हा भाग चौकटी आखून नव्याने बांधला. वर कार्मूचं चर्च आहे, त्याचं छप्पर तेव्हा पडलं ते तसंच ठेवलंय, आकाशाखाली नुसत्या कमानी. आम्हाला तर वसईच्या किल्ल्यात आल्यासारखंच वाटलं. भूकंपाची गोष्ट सांगून तिथे जा, नाहीतर नुसतं पडकं चर्च वाटतं.

२८ नंबरची पिवळी ट्राम सगळ्यांना करायची असते. करा, पण सकाळी लवकर आणि मार्तिं मोनीझच्या सुरुवातीच्या स्टॉपवरून, म्हणजे बसायला मिळेल. अकरानंतर ती चर्चगेट फास्ट होते आणि पाकीटमारांचं आवडतं ठिकाण आहे, पासपोर्ट रूमवरच ठेवा. किल्ल्यावर, म्हणजे सांव जॉर्जला, चढत जायची हौस नसेल तर फिगेइरा चौकातून ७३७ नंबरची छोटी बस वर नेते. हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, बाबांचे गुडघे दुखायला लागल्यावर कळलं. संध्याकाळी सेन्योरा दु मोंत नावाच्या टेकडीवर जा, सूर्यास्त, खाली लाल कौलं आणि लांब तेजू नदीवर २५ एप्रिल पूल. पूल १९६६ चा, तेव्हा त्याला हुकूमशहा सालाझारचं नाव होतं, १९७४ च्या २५ एप्रिलला क्रांती झाली, लोकांनी सैनिकांच्या बंदुकीच्या नळीत कार्नेशनची फुलं खोचली, आणि पुलाचं नाव बदललं. गोव्याचा प्रश्न लष्कर पाठवून सोडवावा लागला तो याच सालाझारच्या हट्टामुळे.

दुसरा दिवस बेलेंला. १५ नंबरची ट्राम जाते. आपल्याला ज्याच्यासाठी जायचंय ते इथेच आहे. जुलै १४९७ मध्ये वास्को द गामा याच किनाऱ्यावरून निघाला. जेरोनिमुश मठाचं काम १५०१ ला सुरू झालं, मसाल्याच्या व्यापाराच्या पैशातून. म्हणजे त्या खांबांवरच्या कोरीवकामात आपल्या मलबारची मिरी आहे असं समजा. आत चर्चमध्ये शिरलं की एका बाजूला वास्कोची समाधी, समोर कवी कामोइंशची. वास्को वारला १५२४ ला कोचीत, पहिल्यांदा तिथेच पुरला होता, नंतर इकडे आणला. चर्चमध्ये जायला पैसे नाहीत, आतल्या चौकाला तिकीट आहे आणि रांग मोठी, ऑनलाइन काढून ठेवा. सोमवारी बंद, बऱ्याचशा म्युझियमांचंही तसंच आहे, तेव्हा सोमवार दुसऱ्या कशाला ठेवा. बेलेंचा बुरूज दुरुस्तीसाठी बंद आहे का ते निघायच्या आधी बघून घ्या, बंद असला तरी बाहेरून दिसतोच.

नदीकाठी दर्यावर्दींचं ५२ मीटर उंच स्मारक आहे, १९६० चं. त्यावर वास्को आहे, १५१० ला गोवा घेणारा आल्बुकेर्क आहे आणि फ्रान्सिस झेवियरसुद्धा आहे. तिथल्या लोकांचे ते हिरो, आणि आपण तिथे उभे राहिलो की पोटात काहीतरी वेगळं होतं, कारण गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, काय केलं ते आपल्याला माहीत असतं. बाबा बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "आपल्याकडे ह्यांच्या घंटा आहेत, इथे हे". फोटो काढा, पण पोरांना दोन्ही बाजू सांगा.

मग शेजारी १८३७ पासून चालू असलेल्या दुकानात पाश्तेल द नाटा, म्हणजे कस्टर्डचे छोटे टार्ट, खायचे, तिथे त्यांना पाश्तेइश द बेलें म्हणतात. गरम, वर दालचिनी. अंडं असतं, न खाणाऱ्यांनी लक्षात ठेवा. बाहेरची रांग पार्सलची असते, आत मोठाले हॉल आहेत, सरळ आत जाऊन टेबल शोधा.

एक संध्याकाळ फादूसाठी. दर्दभरं गाणं, दोन गिटार, दिवे मंद. गाणं चालू असताना बोलायचं नाही, चमचा वाजवायचा नाही, वेटरसुद्धा थांबतो. बहुतेक ठिकाणी जेवणाची किमान रक्कम ठरलेली असते, ती आधी विचारा.

सिंत्रा: इथे प्लॅनिंग चुकलं की दिवस गेला

हुसिऊ स्टेशनवरून लोकल, चाळीसेक मिनिटं. तिथे एकाच दिवसात पाच महाल बघायला निघतात लोक आणि संध्याकाळी बसच्या रांगेत भांडत बसतात. दोनच करा. पेना पॅलेस आणि किंता द हेगालैरा.

पेनाचं तिकीट वेळेच्या स्लॉटचं असतं, आणि इथेच गंमत आहे, ती वेळ महालाच्या दाराची असते, बागेच्या गेटची नाही. गेटपासून महालापर्यंत वीसेक मिनिटं चढ, तेव्हा अर्धा-पाऊण तास आधी पोचा, बागेत आतली शटल बस मिळते, तिचे वेगळे पैसे. स्टेशनवरून ४३४ नंबर बस वर जाते. सकाळचा पहिला स्लॉट घ्या. स्वतःची गाडी घेऊन वर जाऊ नका, रस्ते बंद केलेत आणि पार्किंग नाही. लाल-पिवळा महाल एकदम लग्नाच्या डेकोरेशनसारखा दिसतो, एकोणिसाव्या शतकात राजा फेर्नांदुने जुन्या मठाच्या अवशेषांवर बांधलाय. हेगालैरात २७ मीटर खोल उलटा मनोरा आहे, गोल जिन्याने खाली उतरत जायचं, खालून भुयार निघतं. विहिरीसारखं, पण पाण्यासाठी नाही. आईने पहिलाच प्रश्न केला, "पाणी कुठाय?"

आणि एक गोष्ट जी फारशी कुणाला माहीत नसते. गोव्याचा व्हाइसरॉय जुआंव द काश्त्रू याची वाडी सिंत्रात होती, पेन्या व्हेर्द. तो सोमनाथ-पाटणचा एक संस्कृत शिलालेख उचलून इकडे घेऊन आला, तेराव्या शतकातला. अभ्यासक त्याला सिंत्रा प्रशस्ती म्हणतात. जागा खाजगी आहे, आत जाता येत नाही, पण त्या झाडीच्या रस्त्याने जाताना आठवलं की अंगावर काटा येतो.

वेळ उरला तर बसने काबु द होकाला जा, युरोपच्या मुख्य भूमीचं सगळ्यात पश्चिमेचं टोक. वारा इतका की टोपी गेलीच समजा.

लिस्बनमधला उरलेला एक दिवस एव्होराला देता येईल, ट्रेनने दीड तास. रोमन देवळाचे खांब आणि हाडांचं चॅपेल. साधूंनी हजारो सांगाडे भिंतीत लावलेत आणि दारावर लिहिलंय की इथली आम्ही हाडं तुमच्या हाडांची वाट बघतोय. बायको बाहेरच थांबली. वाटेत बुचाची झाडं दिसतात, साल काढून लाल-तपकिरी झालेली आणि त्यावर पांढरा आकडा. साल एकदा काढली की नऊ वर्षं थांबायचं, आकडा म्हणजे कोणत्या वर्षी काढली ते.

ट्रेनने उत्तरेला

लिस्बन-पोर्तो साधारण ३०० किलोमीटर, अल्फा पेंदुलार ट्रेनने तीन तासांच्या आत. तिकिटं आधी काढली तर बरीच स्वस्त मिळतात. आणि हे नीट वाचा, ६५ च्या वरच्यांना अर्ध तिकीट असतं, परदेशी असले तरी, फक्त वयाचा पुरावा, म्हणजे पासपोर्ट, जवळ हवा. आमचे आई-बाबांचे त्यात बरेच युरो वाचले.

मध्ये कोइंब्राला एक रात्र थांबा. गाडी कोइंब्रा-बी स्टेशनला थांबते, ते गावापासून जरा बाहेर आहे, टॅक्सी घ्या आणि थेट वर युनिव्हर्सिटीच्या दाराशी उतरा, मग फिरत फिरत खाली या. उलटं केलं तर जे जिने लागतात त्यांचं नावच "पाठमोड्या" आहे. युनिव्हर्सिटी १२९० ची. तिथल्या जुआनिना लायब्ररीत वटवाघळं पाळलीत म्हटलं तरी चालेल, रात्री ती पुस्तकं खाणारे किडे खातात, आणि विष्ठा पडू नये म्हणून टेबलांवर रात्री चामडं अंथरतात. स्लॉटचं तिकीट असतं, वेळ चुकवली तर घेत नाहीत.

पोर्तो: तीन रात्री

गाडी कांपान्यांला थांबते, त्याच तिकिटावर लोकलने एक स्टॉप पुढे सांव बेंतुला जायचं. तिथे हॉलमध्ये मान वर करून उभे राहा, वीस हजार निळ्या टाईल्स, जॉर्ज कोलासु या चित्रकाराच्या. पणजीला मांडवीच्या जवळ मिनेझिस ब्रागांझा इमारतीत भिंतीवर ज्या निळ्या टाईल्स आहेत त्या याच माणसाच्या. पणजीला शंभर वेळा गेलो असेन, कधी थांबून बघितल्या नाहीत आणि पोर्तोत जाऊन फोटो काढत बसलो.

दों लुइश पूल १८८६ चा, दोन मजली, वरच्या मजल्यावरून मेट्रो आणि चालणारे. वरून जा, खालून परत या. नदीकाठावरून वर चढायला गिंदाइश नावाची फ्युनिक्युलर, म्हणजे उतारावर चढणारी छोटी रेल्वे, आहे, गुडघेवाल्यांनी तीच घ्यावी. पलीकडे गाया नावाच्या गावात पोर्ट वाईनची कोठारं, पिणाऱ्यांनी एक टूर करावी, एक पुरते, सगळीकडे तीच माहिती सांगतात. ते प्रसिद्ध, जुन्या लायब्ररीसारखं दिसणारं पुस्तकांचं दुकान लेलू, तिथे आत जायला तिकीट लागतं आणि आत इतकी गर्दी की पुस्तक उघडता येत नाही. मी परत जाणार नाही.

एक अख्खा दिवस दोरू खोऱ्याला. सांव बेंतुवरून पिन्यांवची लोकल पकडा, अडीचेक तास, आणि जाताना उजव्या बाजूच्या खिडकीत बसा, नदी तिकडेच आहे. डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांची द्राक्षशेती, नाशिकवाल्यांना बरं वाटेल. पिन्यांवला तासाभराची बोट करा, जेवा, परत या. गाईडेड टूरपेक्षा कितीतरी स्वस्त. या संपूर्ण ट्रिपमधला आमच्या चौघांचाही आवडता दिवस हाच.

दक्षिणेला आल्गार्वमध्ये समुद्रकिनारे आणि गुहा आहेत, सुंदर आहेत, पण त्यासाठी आणखी तीन-चार दिवस हवेत. दहा दिवसांत कोंबू नका.

शाकाहारी माणसाने जगायचं कसं

इथे खरी परीक्षा. सुका खारवलेला कॉड, बाकल्याव, हा त्यांचा वरणभात. मासे खाणाऱ्यांची चंगळ. शाकाहारींनी तीन शब्द पाठ करा: सें कार्न, सें पैश, म्हणजे मांस नको, मासे नको, आणि सें शोरिसु, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज नको. हा तिसरा महत्त्वाचा, कारण काल्दु व्हेर्द नावाचं कोबीच्या जातीच्या पालेभाजीचं आणि बटाट्याचं मस्त सूप असतं आणि त्यात शेवटी शोरिसुची चकती टाकतात, गोव्याचा चोरिस तोच. "सोपा द लेगुमिश" बहुतेक ठिकाणी मिळतं, पण स्टॉक कशाचा ते विचारा. चीज टोस्ट मागताना "मिश्ता" म्हणू नका, त्यात हॅम येतं, "तोश्ता द केइजु" म्हणा.

टेबलावर न मागता पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतात. ते फुकट नसतं. खाल्लं तर बिल, हात नाही लावला तर नाही, नको असेल तर परत पाठवा, कोणी रागवत नाही.

लिस्बनमध्ये मार्तिं मोनीझच्या आसपास डाळ, तांदूळ, मसाले, सगळं मिळतं. आणि लुमियार भागात महात्मा गांधींच्या नावाच्या रस्त्यावर राधाकृष्ण मंदिर आहे. तिथला समाज मुख्यतः गुजराती, दीवचे, मोझांबिकमार्गे आलेले. तिथे शाकाहारी थाळी मिळते, वेळा आधी फोन करून विचारा. सहाव्या दिवशी आईला आमटी-भाताची इतकी आठवण झाली होती की आम्ही कोइंब्राचा प्लॅन पुढे ढकलून आधी तिकडे गेलो.

भाषेची भीती नको, तरुण लोक इंग्रजी बोलतात, आणि तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त पोर्तुगीज येतं. पाव, बटाटा, कोबी, काजू, अननस, चावी, लिलाव, पगार, घमेलं, सगळे तिकडचेच शब्द. बाबांनी सुपरमार्केटमध्ये बटाटा शब्द वाचला आणि लहान मुलासारखे ओरडले. आभार मानताना पुरुषाने ओब्रिगादु, बाईने ओब्रिगादा.

पैशांचं: कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं, पण छोट्या कॅफेत कॅशच हवी असते. निळ्या एमबी चिन्हाच्या बँक एटीएममधून काढा, टुरिस्ट भागातली रंगीत एटीएम जास्त चार्ज लावतात. आणि मशीनने "रुपयांत वजा करू का" विचारलं की नाही म्हणा, युरोतच ठेवा. नळाचं पाणी पिता येतं. इमर्जन्सी नंबर ११२.

खरेदीत बुचाच्या पर्स, सार्डिनचे रंगीत डबे, हाताने रंगवलेल्या टाईल्स. मंगळवार-शनिवारी लिस्बनला फैरा द लाद्रा नावाचा जुना बाजार भरतो, आपला चोरबाजारच. तिथल्या जुन्या निळ्या टाईल्स मात्र घेऊ नका, त्यातल्या कितीतरी कोणाच्या तरी घराच्या भिंतीवरून उपटून आणलेल्या असतात. दुकानातून नव्या घ्या आणि मोजक्याच घ्या, कारण चार टाईल्स हातात हलक्या वाटतात आणि चेक-इनच्या काट्यावर ठेवल्या की बाबांची शाल बॅगेतून काढून त्यांच्या खांद्यावर टाकावी लागते.